बोडस सरांची जपानी भैरवी

“रडा,” बोडस सर म्हणाले. “तिसऱ्या कडव्याला मला प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी पाहिजे.”

डिझाइन डिपार्टमेंटची दहा माणसं कॉन्फरन्स रूमच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. प्रत्येकाच्या हातात एक कागद आणि कागदावर देवनागरीत लिहिलेलं जपानी गाणं. ते मीच लिहून दिलं होतं, कारण कंपनीची दुभाषी मी. रडणं माझ्या कामात बसत नव्हतं, म्हणून मी खुर्चीवर बसून बघत होते.

“असं एकदम नाही येत, सर,” मंगेश तांदळे म्हणाला. अकोल्याचा पोरगा, अंगानं दणकट. जपानी शब्द म्हणायला लागला की समोरच्याला दम भरतोय असं वाटायचं. “घरचं काही आठवू का?”

“आठव की! काय वाटेल ते आठव. पण सुरात आठव.”

आणि सरांनी पेटीचा भाता ओढला. हो, पेटी. घरून आणली होती, कापडी खोळीतून. चाकणच्या कारखान्यात, प्रोजेक्टरच्या शेजारी पेटी मांडून आमचे जनरल मॅनेजर जपानी गाणं बसवत होते, आणि काचेपलीकडून जाणारा येणारा माणूस आत डोकावून, कपाळाला हात लावून पुढे जात होता.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते आधी सांगते. बारा-तेरा वर्षं झाली असतील, पण माझा राग अजून शिळा झालेला नाही.

आमची कंपनी जपानी. गाडीची सीट पुढेमागे सरकते ना, तिच्याखालच्या लोखंडी पट्ट्या आम्ही करायचो. मालक मंडळी नागोयाला. तिथून कुवाबारा नावाचे एक बडे साहेब यायचे होते, आणि ते कशासाठी येणार हे कॅन्टीनमधल्या मावशींनाही माहीत होतं. चाकणचं डिझाइन डिपार्टमेंट इथंच ठेवायचं की थायलंडच्या कारखान्यात हलवायचं, हे ते ठरवणार होते. ठेवलं तर ठीक. हलवलं तर दहाही जणांच्या हातात नारळ. आणि त्यांच्यामागोमाग माझ्या, कारण माझं निम्मं काम त्यांच्याच ड्रॉइंगवरचं होतं.

डिपार्टमेंट राजश्री मोहितेचं. कराडची बाई. एक कॉम्प्युटर आणि एक डुगडुगतं टेबल इथपासून तिनं ते उभं केलं होतं. पट्ट्या वेल्ड करताना हलू नयेत म्हणून त्यांना घट्ट धरून ठेवणारी एक चौकट लागते, तिला फिक्श्चर म्हणतात. डाव्या सीटचं वेगळं, उजव्या सीटचं वेगळं, आणि एक काढून दुसरं बसवण्यात कामगारांचा जीव जायचा. राजश्रीनं आणि तिच्या पोरांनी असं फिक्श्चर काढलं होतं की डावी-उजवी दोन्ही एकाच चौकटीवर व्हावीत. नागोयावाल्यांना ते जमलं नव्हतं, थायलंडवाल्यांच्या तर डोक्यातही आलं नव्हतं. तिचं म्हणणं सरळ होतं. साहेबांना माझ्यासमोर बसवा, मी त्यांना हे नीट दाखवते, मग कोण आमचं काम उचलून नेतो ते बघू.

बोडस सरांचं म्हणणं वेगळं होतं. शिरीष बोडस कधीकाळी आठवडाभर जपानला जाऊन आले होते, आणि तेवढ्यात त्यांचा जपानचा अभ्यास पूर्ण झाला होता.

“जपानी माणूस ऑफिसात नुसता दगड असतो, दगड,” ते सांगायचे. “संध्याकाळी कराओकेला नेला की लोणी होतो. मी स्वतः पाहिलंय. मागे संगीत सुरू झालं, पडद्यावर शब्द आले, की माइक घट्ट धरून ढसाढसा रडतात. तिथं त्यांना जो रडवेल त्याचं काम झालंच म्हणून समजा. तुमच्या त्या नकाशांनी कोणी रडतं का?”

सर गाणारे होते हे इथं सांगायला हवं. लहानपणी चार-दोन वर्षं गाणं शिकले होते आणि राहिलेलं सगळं सोसायटीच्या कोजागिरीला शिकले होते. त्यांनी इंटरनेटवर ‘कराओकेत म्हणायची भावुक जपानी गाणी’ असं काहीतरी शोधलं, कानांना हेडफोन लावून केबिन बंद करून बसले, आणि एक गाणं पक्कं केलं. जपानीचा एक शब्द येत नसताना. मग मला आत बोलावून ऐकवलं.

“काय?” सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “काळजाला हात घालतं की नाही?”

“घालतं,” मी म्हणाले. “पण सर, हे निरोपाचं गाणं आहे.”

“म्हणजे?”

“शाळेच्या शेवटच्या दिवशी मुलं म्हणतात. मी वर्षभर तिथल्या शाळेत होते ना, तेव्हा ऐकलंय. शाळा सोडून जाणारी मुलं ओळीनं उभी राहतात आणि बाईंना सांगतात, खिडक्या आम्ही पुसून ठेवल्यात, बाकं सरळ लावलीत, आता आम्ही निघतो, आमची काळजी करू नका. असं गाणं आहे.”

“अगं, मग उत्तमच की! किती गोड!”

“सर, डिपार्टमेंट राहणार की जाणार ते ठरवायला माणूस येणार आहे. त्याच्यासमोर उभं राहून आपण म्हणायचं, आता आम्ही निघतो?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. गाणं शिकलेली माणसं न शिकलेल्यांकडे बघतात तसं.

“उल्का, तुमच्या घरी गाणं नाही ना कुणाचं?”

“नाही.”

“तरीच. अगं, मैफल कशानं संपते? भैरवीनं! भैरवीत निरोप असतोच असतो. म्हणून काय गवई गाव सोडून जातो? पुढच्या महिन्यात त्याच हॉलात पुन्हा गातो. उलट भैरवी ऐकली की लोकांचा पाय निघत नाही. म्हणतात, बुवा, परत कधी येताय? कुवाबारा नेमकं हेच म्हणणार बघ.”

“नाही हो म्हणत ते लोक असं. ज्या प्रसंगाचं जे गाणं, ते त्याच प्रसंगाला म्हणतात. तिथं दुकान बंद करायची धूनसुद्धा ठरलेली असते. ती वाजली की गिऱ्हाईक मुकाट्यानं दाराकडे चालायला लागतं. कुणी सांगावंही लागत नाही.”

“तू शब्द सांभाळ,” सर म्हणाले. “सूर मी बघतो.”

मी हट्ट सोडला नाही. दोन हलकीफुलकी गाणी शोधून नेली. एक बिअरवरचं होतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवत म्हणायचं. दुसऱ्यात बायकोला घाबरून घरी पळणारा नवरा होता. असली गाणी म्हटली की जपानी साहेब टाय सैल करतात आणि मांडीवर थाप मारतात, हे मी पाहिलेलं होतं. सरांनी दोन्ही ऐकली आणि नाक मुरडलं.

“हे काय गं? वरातीतलं वाटतंय.”

झालं. तालीम सुरू झाली. रोज दुपारी जेवणं आटोपली की डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर निम्मी ड्रॉइंगं उघडी टाकून दहा जण कॉन्फरन्स रूममध्ये. सरांनी सुरुवातीला आलाप घातला. मी म्हटलं, जपानी गाण्यात आलाप नसतो. म्हणाले, नसतो म्हणूनच घालायचा. दुसऱ्या कडव्यात एक तान घातली. कुणाला किती रडू येतं त्यावरून पोरांच्या जागा बदलल्या. पाणावलेले पुढे, कोरडे मागे. मंगेश मागच्या ओळीत गेला आणि त्याला त्याचं मनापासून वाईट वाटलं.

राजश्रीनं सुरुवातीला दातओठ खात सहन केलं. मग एके दिवशी तालीम चालू असताना तिनं कागद टेबलावर आपटला.

“सर, माझ्या पोरांना कामाला सोडा. प्रेझेंटेशन अर्धं व्हायचंय.”

“ते मी छोटं केलंय,” सर पेटीवरची नजर न काढता म्हणाले. “पंधरा-वीस मिनिटांत आटप.”

“वीस मिनिटं? अहो, त्यात फिक्श्चरचं नुसतं नाव सांगून होईल!”

“राजश्री, दुपारी जेवून बसलेल्या माणसाला तू तासभर नकाशे दाखवणार? तो झोपेल. त्यापेक्षा संध्याकाळी—”

“संध्याकाळी आम्ही रडू. माहीत आहे.”

“आणि तू सारखी वरच्या पट्टीत जातेस, तेवढं जरा बघ.”

बाहेर आल्यावर ती माझ्यावरच घसरली. “तू त्याला अर्थ सांगितला नाहीस का गं?”

“सांगितला.”

“मग?”

“भैरवी म्हणाला.”

“डोंबलाची भैरवी!” राजश्री म्हणाली. “इथं पोरांच्या पोटावर पाय यायची वेळ आलीय आणि याला मैफल सुचतेय.”

“मग तू तरी कशाला गातेस? सांग ना, नाही गाणार.”

“आणि डिपार्टमेंट गेलं तर? जन्मभर सांगत सुटेल, मोहितेबाई सुरात नव्हत्या म्हणून गेलं. गाते बाई. गाते आणि वीस मिनिटांत काय कोंबता येतं ते बघते.”

कुवाबारा-सान आले; ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’. बारकेसे, साठीच्या घरातले, हातात सतत एक घडी घातलेला रुमाल. कारखाना फिरताना कमी बोलत होते आणि प्रत्येक मशीनपाशी उभे राहत होते. दुपारी राजश्रीनं प्रेझेंटेशन सुरू केलं. मी भराभर जपानी करत होते आणि ते खुर्चीच्या टोकावर सरकून ऐकत होते. त्यांनी एक चित्र मागे घ्यायला सांगितलं. मग तेच पुन्हा. राजश्रीचा चेहरा उजळला. तेवढ्यात बोडस सरांनी घड्याळाकडे बघत टाळी वाजवली.

“व्हेरी गुड, व्हेरी गुड! उल्का, त्यांना सांग, संध्याकाळचा कार्यक्रम आम्ही फार प्रेमानं बसवलाय, उशीर नको.”

मी सांगितलं. कुवाबारा-सान एकदा पडद्याकडे, एकदा सरांकडे बघून मान लववत उठले. पाहुणा आहे, यजमान म्हणतोय चला, तर जपानी माणूस उठतो. राजश्रीनं लॅपटॉप असा मिटला की मला वाटलं काच फुटली.

संध्याकाळी आम्ही तळेगावच्या रस्त्यावरच्या एका जपानी हॉटेलात गेलो. तिथं कराओकेची एक खोली होती. चटया अंथरलेल्या, बुटकं टेबल, एका भिंतीवर पडदा. बूट बाहेर काढून सगळे आत बसलो. थोडं खाणं-पिणं झालं आणि सर उठले. पेटी आणायला हॉटेलवाल्यानं परवानगी दिली नव्हती, त्याबद्दल ते घुश्शात होते. दहा जण पडद्यापुढं ओळीत उभे राहिले. पाणावलेले पुढे, कोरडे मागे.

संगीत सुरू झालं आणि सरांनी आलाप घेतला. आलाप रंगला. इतका रंगला की पहिली ओळ पडद्यावर येऊन गेली, दुसरीही येऊन गेली, आणि सर डोळे मिटून अजून वरच्या सुरात हिंडत होते. मशीनला काय, ते कुणासाठी थांबत नाही. शेवटी राजश्रीनंच ओळ पकडली आणि बाकीचे चालत्या एसटीत चढावं तसे धावत तिच्यामागून गाण्यात चढले. मला हसू आवरेना. मी कुवाबारा-सानांकडे पाहिलं, म्हटलं, तेही हसत असतील.

ते हसत नव्हते. गाणं ओळखल्याबरोबर त्यांनी ग्लास खाली ठेवला होता. मांडी मोडून गुडघ्यांवर ताठ बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर.

तिसरं कडवं आलं. खिडक्या पुसून ठेवल्या, बाकं सरळ लावली. मंगेश मागच्या ओळीत हुंदका देऊन रडायला लागला. त्याला घरचं काही आठवावं लागलं नाही. अर्थ मी सगळ्यांना सांगितलेला होता, आणि इतक्या दिवसांच्या तालमीत जे नुसते उच्चार होते ते त्या क्षणी त्याला कळले असावेत. मग त्याच्या शेजारचा, मग पुढची ओळ. राजश्रीही रडली, पण ती रागानं रडली, मला तिचा जबडा दिसत होता. सर हात पसरून सगळ्यांना सुरात ठेवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

गाणं संपलं. कुवाबारा-सानांनी चष्मा काढून रुमालावर ठेवला. दोन्ही तळवे चटईवर टेकले आणि कपाळ खाली लावलं. बराच वेळ वर केलं नाही. त्यांचे खांदे हलत होते.

“उल्का!” सर माझ्या कानाशी आले, घामाघूम. “साष्टांग! अगं, साष्टांग घातला त्यांनी!”

मी राजश्रीला बाजूला ओढलं.

“हे आभार नाहीत गं,” मी म्हणाले. “आभार मानायला ते उभ्यानं कमरेतून वाकतात. कपाळ जमिनीला टेकतात ते माफी मागायला.”

“माफी? कसली माफी?”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या वाकलेल्या पाठीकडे, आणि तिला माझ्याआधी कळलं असेल असं मला वाटतं.

कुवाबारा-सान निघाले तशी मी त्यांच्यामागे दारापर्यंत धावले. ते वाकून बूट घालत होते.

“कुवाबारा-सान, त्या गाण्याबद्दल मला जरा बोलायचंय.”

त्यांनी हात वर केला. “नको. काही गोष्टी बोलल्या की हलक्या होतात.”

“तसं नाही, ऐका तर. ते गाणं आम्ही निवडलं ते—”

“फोटो! फोटो!” मागून सर आले. एक हात साहेबांच्या खांद्यावर, दुसऱ्यानं मला बाजूला सारत. “सगळे या रे! उल्का, तू काढ.” फोटो काढेपर्यंत गाडी दाराशी आली. साहेबांनी सगळ्यांना पुन्हा वाकून नमस्कार केला, मलाही केला, आणि गाडी गेली.

“सर, त्यांना वाटलंय आपण खरंच निरोप घेतला,” मी तिथल्या तिथं म्हणाले. “उद्या सकाळी उठल्या उठल्या फोन करा. मी बोलते त्यांच्याशी, तुम्ही नुसतं हो म्हणा.”

“आणि काय सांगू? आम्ही चुकून गायलो?” सर हसले. “उल्का, माणूस जमिनीवर आडवा झाला गं माझ्या गाण्यानं. आता तरी कबूल कर की!”

सकाळी कॉन्फरन्स रूममध्ये सगळे जमलो. सर नवा टाय लावून आले होते. मी कुवाबारा-सानांना आधी एकटं गाठायला गेले, पण सर त्यांना गेटपासूनच हाताला धरून घेऊन आले. ते टेबलाशी उभे राहिले आणि एकेक वाक्य बोलू लागले. मी एकेक वाक्य मराठीत करू लागले.

“काल संध्याकाळी तुम्ही माझ्या डोक्यावरचं फार मोठं ओझं उतरवलंत.”

सरांनी दहाही जणांकडे विजयी नजरेनं पाहिलं.

“मी नागोयाहून निर्णय घेऊन आलो नव्हतो. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं होतं. भीती एकाच गोष्टीची होती. काम हलवायचं ठरलं, तर हे तुम्हाला सांगायचं कसं.”

सरांची मान अजून हलतच होती.

“काल ते तुम्हीच मला सांगितलंत. ओळीत उभं राहून, मनात काही न ठेवता, आमची काळजी करू नका म्हणून. इतका सुंदर निरोप मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.”

आणि सरांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच. सुंदर निरोप म्हणाले ना, भैरवी पोचली!

“सर, थांबा,” मंगेश म्हणाला. तो आयुष्यात पहिल्यांदा कुणा साहेबाला थांबवत असेल.

“हॉटेलवर पोचल्याबरोबर मी नागोयाला कळवलं,” मी पुढचं वाक्य सांगितलं. “डिझाइनचं काम पावसाळ्यापर्यंत थायलंडला जाईल. बोडस-सान कंपनीतच राहतील. चेन्नईच्या ऑफिसातही पुढे असाच कठीण प्रसंग येणार आहे. लोकांची मनं इतक्या हळुवारपणे तयार करणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.”

सरांचे हात टाळीच्या जागीच राहिले होते. ते त्यांनी हळूहळू खाली घेतले, टाय सारखा केला, आणि माझ्याकडे वाकून विचारलं, “चेन्नई म्हणजे... बढती आहे का, विचार ना.”

ते मी विचारलं नाही.

“उल्का,” राजश्री म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “त्यांना एक विचार. आम्ही गायलोच नसतो तर?”

असला प्रश्न जपानीत कुणी तोंडावर विचारत नाही. मी विचारला. जसाच्या तसा, कुठंही मऊ न करता. रुमालाची घडी कुवाबारा-सानांनी मोडली, पुन्हा घातली.

“तर आजची सकाळ मी तुमच्या ड्रॉइंगसाठी ठेवली होती,” ते म्हणाले. “काल वीस मिनिटांत माझं समाधान झालं नव्हतं.”

मी सांगितलं. दहा जणांनी ऐकलं. मग राजश्रीनं खुर्ची मागे सारली, लॅपटॉप ओढून घेतला आणि प्रोजेक्टरची वायर लावली.

“मग बघा म्हणावं.”

“राजश्री, आता कशाला उगीच—” सरांनी सुरुवात केली.

“तुम्ही खाली बसा.”

आणि आमचे जनरल मॅनेजर खाली बसले.

तिनं सगळं दाखवलं. इंग्रजीचा नाद सोडून सरळ कराडच्या मराठीत. पट्टी कशी बसते, डाव्याचं उजवं करताना काय फिरतं, कामगाराचा हात कुठं जातो आणि कुठं जायला नको. मी जपानी करत होते आणि मला कधी नव्हे ते शब्द सहज सापडत होते. कुवाबारा-सान आधी टेबलाकडेच बघत होते. मग त्यांनी मान वर केली. मग उठून पडद्याजवळ गेले आणि पट्टी अडकवणाऱ्या एका खटक्यावर बोट ठेवलं.

“हे कुणी सुचवलं?”

“मी,” मंगेश म्हणाला.

त्यांनी त्याला तो खटका हातानं करून दाखवायला लावला. मंगेशनं हवेत पट्टी धरली, हवेतच फिरवली, अंगठ्यानं दाबली. साहेबांनी स्वतः तसं करून पाहिलं. दोघं काही वेळ तिथं उभे राहून हवेतली पट्टी फिरवत होते. राजश्रीनं शेवटचं चित्र संपवलं, तर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून दाखवायला सांगितलं. तिनं दाखवलं. सगळं, पुन्हा एकदा.

“हे नागोयाला यायला हवं होतं,” शेवटी ते म्हणाले.

“काल कळवलेलं मागं घेता येईल का?” हे कुणी मला विचारायला सांगितलं नव्हतं.

त्यांनी मान हलवली. नाही. मग चष्मा काढला आणि आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. तिथं ना संगीत होतं, ना ओळीत उभं कुणी. एक म्हातारा माणूस रुमाल तोंडात दाबून रडत होता, आणि राजश्री वायर गुंडाळता गुंडाळता त्याच्याकडे बघत होती, डोळे कोरडे ठेवून.

माझ्या खांद्यावर कुणीतरी बोटानं टकटक केलं. बोडस सर होते. चेहऱ्यावर पुन्हा कालचंच समाधान.

“बघ उल्का,” ते हळूच म्हणाले, “अजून उतरलेलं नाही गाणं.”